शेवटच्या घरचा डबा

फेरीला अजून पाऊण तास आहे. बयू, किटली सरकव इकडे. आल्याचा चहा गार झाला की नुसता घशाला झोंबतो. आणि गालिह, तो डबा उचलू नकोस. असू दे तिथेच, दिव्याखाली. आत डोकावून बघ फक्त. काय आहे? तांदूळ. किती? बरोबर, मूठभर. तूही बघ रे बयू. बघितलंस? मग ठेवा आता पत्ते खाली.

तुम्ही कॉलेजची पोरं, गेल्या वर्षी इथे खोल्या घेतल्यात. पहिल्याच रात्री, या पहाऱ्याच्या चौकीवर, मी तुम्हाला फेरीची रीत सांगितली होती. प्रत्येक फाटकाला एक डबा टांगलेला असतो. घरचं माणूस संध्याकाळी त्यात मूठभर तांदूळ टाकतं. रात्री आपण दोघं-दोघं फिरतो आणि ते पिशवीत ओतून घेतो. महिन्याअखेरीस ज्याच्या घरी आजारपण किंवा बाळंतपण असेल, त्याच्याकडे पिशवी जाते. पण तांदूळ हे निमित्त. खरी गोष्ट दुसरीच. डबा रिकामा दिसला तर काय करायचं?

दार वाजवायचं. शाब्बास. रिकामा डबा म्हणजे आतल्या माणसाला उठून मूठभर तांदूळ टाकायचंही झालं नाही. त्यासाठीच आपल्या आज्यांनी ही रीत घातली. कुणी आत एकटं पडून राहू नये म्हणून.

आता ऐका. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे.

तीन वर्षांपूर्वी, ऑगस्टच्या शेवटी, मी स्टेशनवर एका पोराला आणायला गेलो होतो. अमेरिकेतून भाषा शिकायला मुलं येतात, ती घरोघर ठेवतात. आमच्या हिला हौस. एमेट नाव. वीस वर्षांचा, ताडमाड उंच, हाताचे पंजे फावड्याएवढे. माझ्या स्कूटरवर मागे बसला तर त्याचे पाय रस्त्याला लागत होते. आमच्या घरात शिरताना त्याने पहिल्याच दिवशी चौकटीला कपाळ आपटलं आणि चौकटीचीच माफी मागितली. ही म्हणाली, "अहो, हा तर आपल्यापेक्षा सभ्य आहे."

नेब्रास्का म्हणून कुठेतरी त्याचं गाव. मक्याची शेतं. मला म्हणाला, "काका, आमच्याकडे शेजारी खूप लांब राहतो. रात्री त्याचा दिवा दिसतो, तो दिसत नाही." इथे भिंतीला भिंत लागलेली बघून पोरगं हरखून गेलं. येईल त्याच्याशी बोलायचं. बोलणं सगळं मोडकंतोडकं, पण लाजायचा नाही.

पहिल्याच आठवड्यात त्याने काय केलं माहीत आहे? संध्याकाळी तो गल्लीतून येत होता. सुपार्मी वहिनी अंगण झाडत होत्या. त्या म्हणाल्या, "ये की आत, जेवून जा!" म्हणायची पद्धत. तुम्ही-आम्ही काय करतो? हसतो, मान तुकवतो आणि चालू लागतो. याने बूट काढले. आत गेला. चटईवर मांडी घालून बसला. सुपार्मी वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. घरात होते दोन तळलेले मासे, नवऱ्यासाठी ठेवलेले. त्याने दोन्ही खाल्ले आणि वर भातही मागून घेतला. नवरा कामावरून आला तो काटे बघतच उभा.

दुसऱ्या दिवशी वहिनी आमच्या फाटकात येऊन म्हणतात, "पार्दीभाऊ, तुमच्या अमेरिकनाला दोरी बांधा. नाहीतर उद्या आमची कोंबडी विचारेल आत येतोस का, आणि हा खुराड्यात जाऊन बसेल."

हसा. आम्हीही असेच हसलो होतो. आठवडाभर सगळी गल्ली हसत होती. इथे, याच चौकीवर, पोटं धरून. पोराचे कान लाल व्हायचे. शेवटी मला दया आली. मी त्याला समोर बसवलं आणि शिकवलं.

म्हटलं, "एमेट, आमच्याकडे 'ये की आत' म्हणजे 'बरा आहेस ना'. त्यावर लगेच आत जायचं नसतं."

"मग काय म्हणायचा, काका?"

"म्हणायचं, हो, सेसुक."

"सेसुक म्हणजे उद्या?"

"उद्याही सेसुक, परवाही सेसुक, पुढच्या वर्षीही सेसुक आणि कधीच नाही तेही सेसुक. कुणाला नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की समोरचा दुखावतो. हो, उद्या, एवढं म्हणायचं, हसायचं आणि पुढे व्हायचं."

त्याने वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, चला, पोरगं मार्गी लागलं.

मी शिकवलं त्याला. हे ध्यानात ठेवा. दुसऱ्या कुणी नाही.

मग तो फेरीला येऊ लागला. त्याला फार आवडायचं ते. पिशवी गळ्यात, हातात वाजवायचा पोकळ बांबू, दर चौकात ठक् ठक् करायचा. माझी जोडी त्याच्याबरोबर होती, आठवड्यातून एक रात्र, गुरुवारची. बायका आतून मुद्दाम हाक मारायच्या, "एमेट, ये की!" आणि हा ऐटीत, "हो काकू, उद्या!" की घराघरातून हसू. परीक्षेत पहिला आल्यासारखा चेहरा करायचा.

शेवटचं घर तुकियेम आजींचं. सलाकच्या, त्या खवलेदार फळांच्या बागेपलीकडे, बांबूच्या बेटाला लागून. आता कुलूप असतं तेच. ऐंशीच्या घरात होत्या. एकट्या. मुलगी लास्त्री हाँगकाँगला एका घरी कामाला. आजींचा डबा म्हणजे दुधाच्या पावडरीचा जुना पत्र्याचा डबा, काठाला एक पोचा. दिसतोय ना पोचा? हाच तो. हात नको लावू म्हटलं ना.

आजींना झोप यायची नाही. आमची पावलं ऐकली की आतून हाक, "ये की आत, बाळा." एमेट म्हणायचा, "हो आजी, उद्या." त्या आतल्या आत हसायच्या. दर गुरुवारी हेच. एकदा मला म्हणाल्या, "पार्दी, तुझ्या पोराचा उद्या कधी उजाडतो रे?" मी म्हटलं, "आमच्याकडे उजाडतो तसाच, आजी." केवढ्या हसल्या.

ऑक्टोबरचा दुसरा गुरुवार. रात्रीचे बारा वाजून गेले होते. इथे, या फळीवर, छोटा टीव्ही लावला होता. बॅडमिंटनचा शेवटचा सामना, तिसरा गेम, आपली पोरं अठरा, ते सतरा. फेरीची वेळ झाली. एमेटने पिशवी घेतली, म्हणाला, "काका, चला."

मी टीव्हीकडे बघत म्हटलं, "तू हो पुढे. मी आलोच."

आलोच.

...नाही गेलो. सामना लांबला. मग जिंकलो, मग आरडाओरडा, मग चहा. तो एकटाच फिरून आला. पाऊण वाजता. चौकीत पाऊल टाकताच छाती काढून म्हणाला, "काका! आज आजी तीन वेळा बोलावला. मी तीन वेळा नाही गेला! तीन वेळा उद्या!"

आम्ही टाळ्या वाजवल्या, पोरांनो. सहा जण होतो. सहाही जणांनी.

शुक्रवारी दुसरी जोडी फिरली. शेवटच्या डब्यात तांदूळ होते. ते ओतून घेऊन ते पुढे गेले. आजींची हाक आली नाही. त्यांना वाटलं, झोपल्या असतील.

शनिवारी डबा रिकामा. शनिवारच्या जोडीने दार वाजवलं. मग फोडलं.

मागच्या चुलीपाशी पडल्या होत्या. मांडीचं हाड मोडलेलं. सरपटत दारापर्यंत यायचा प्रयत्न केला होता, ते... ते जमिनीवर दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, गुरुवारी संध्याकाळी पडल्या असाव्यात. शनिवारी पहाटे गेल्या.

बयू, तुझा चेहरा सांगतोय तुझा हिशोब लागला नाही. गुरुवारी संध्याकाळी पडल्या, तर शुक्रवारच्या डब्यात तांदूळ कुणी टाकले?

मलाही तेव्हा कळलं नाही. रात्री एमेट माझ्या खोलीच्या दाराशी उभा होता. उंबऱ्याबाहेर. आत ये म्हटलं तरी येईना.

"काका, गुरुवारी डबा रिकामा होता."

मी उठून बसलो.

"मला वाटला, आजीकडे तांदूळ संपला. दार वाजवला तर तिला लाज वाटेल. म्हणून मी पिशवीतून एक मूठ टाकला. सकाळी ती बघेल आणि... मला वाटला, हे चांगलं आहे."

आणि ती मूठ बघून शुक्रवारवाले पुढे गेले. कळलं?

त्याचं मन वाईट नव्हतं रे. आपणही हेच केलं असतं. कुणाला लाज वाटू नये म्हणून आपण काय काय करत नाही! दार वाजवत नाही, विचारत नाही, खरं बोलत नाही. अशा आपल्या सभ्यपणात एक म्हातारी दोन रात्री जमिनीवर... जाऊ दे.

लास्त्री सोमवारी आली. विमानातून उतरून थेट चौकीवर. बॅगही हातात तशीच. म्हणाली, "काका, गुरुवारी तुमची फेरी होती. डबा भरलेला होता ना?"

एमेट माझ्या शेजारी उभा होता. त्याने तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

आणि म्हणालो, "शुक्रवारीसुद्धा भरलेला होता, पोरी."

लास्त्रीने डोळे मिटले. म्हणाली, "म्हणजे डॉक्टरांचा अंदाज चुकला, शुक्रवारपर्यंत धडधाकट होती. एकच रात्र त्रास झाला तिला. देवाची दया." आणि माझे हात धरून रडली. माझे हात.

घरी आल्यावर एमेट म्हणाला, "तिला सांगायला पाहिजे."

मी म्हटलं, "सांगू. आत्ता नको."

"कधी?"

मी काय म्हणालो असेन, सांगा बरं.

...हो. तेच म्हणालो.

त्यानंतर तो जेवेना. ताट पुढे घेऊन बसायचा. ही म्हणायची, "पोराला घरची आठवण येते." रात्री मला त्याच्या खोलीतून आवाज यायचा. तो झोपेत आमच्या भाषेत बोलायचा. एकच वाक्य. तीनदा. मग थांबायचा. मग परत तीनदा.

आजींच्या सातव्याची रात्र; आपल्यात ती आदल्या संध्याकाळीच धरतात. पुन्हा गुरुवार. संध्याकाळी आजींच्या अंगणात प्रार्थना झाली, जेवणाचे डबे वाटले. लास्त्रीने फाटकावरचा हा डबा काढून घरात ठेवलेला मी स्वतः बघितला. दाराला कुलूप लावून ती आत्याकडे झोपायला गेली. किल्ली तिच्या कमरेला.

सव्वाबाराला आम्ही निघालो. या वेळी दोघंही. एमेट हातातला बांबू वाजवत नव्हता. मी विचारलं नाही. सगळी घरं झाली. सलाकची बाग ओलांडली. बांबू करकरत होते... आणि मग एकदम थांबले.

फाटकावर डबा टांगलेला होता.

मी बॅटरी मारली. पोचा दिसला. आत...

रिकामा.

मी म्हटलं, "लास्त्रीने परत लावला असेल." माझा आवाज मलाच कुणा दुसऱ्याचा वाटला.

आणि आतून...

"ये की आत, बाळा."

जशी दर गुरुवारी. तशीच. हळू. जवळून. दाराच्या अगदी खालून.

पोरांनो, मी आता जे सांगतो ते हिलाही सांगितलेलं नाही. मला भीती वाटली, ते सोडा. भीती कुणालाही वाटते. पण माझं तोंड... माझं तोंड आपोआप उघडलं. साठ वर्षांची सवय. मी मान तुकवली. हसलोसुद्धा असेन. आणि म्हणालो,

"हो आजी. उद्या."

एमेटने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मग त्याने पिशवी माझ्या हातात दिली. फाटक उघडलं. पायरीवर बसून बूट काढले. नीट शेजारी-शेजारी ठेवले, पहिल्या आठवड्यात सुपार्मी वहिनींकडे ठेवले होते तसे. आणि तो दाराशी गेला.

कुलूप होतं, काका, असंच म्हणणार ना तू? होतं. मी बघितलं होतं. पण तो वाकून आत गेला. चौकटीला डोकं लागलं नाही.

मी फाटकाशी. आत दिवा नाही. बोलणं ऐकू येत होतं. त्याचं, मोडकंतोडकं. मग शांतता. मग त्याचं. दुसऱ्या कुणाचं काही नाही.

किती वेळ... एक चाळीसला बाहेर आला. डोळे सुजलेले. पण चालणं हलकं. आठवडाभरात पहिल्यांदा ताठ उभा होता.

"काय झालं?"

"तिने विचारलं, ती मूठ कुणाची? मी म्हटलं, माझी."

"मग?"

"मग म्हणाली, बस."

"आणखी?"

तो पायरीवर बसला. बूट घालत होता. मग खाली बघत म्हणाला, "तिने विचारलं, पार्दी का नाही आला? मी काय सांगणार? तुम्ही म्हणालात तेच सांगितलं. काका उद्या येणार."

...

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटा लास्त्रीकडे गेला. सगळं सांगितलं. रिकामा डबा, मूठ, तीन वेळा उद्या. मी कुंपणाआडून बघत होतो. लास्त्री ओरडली नाही. मग आत गेली, हा डबा घेऊन आली आणि त्याच्या हातात दिला. का दिला, मला माहीत नाही. त्याने दोन्ही हातांनी घेतला.

पण माझं त्याने सांगितलं नाही. मी फेरी सोडून सामना बघत बसलो होतो, मी त्याच्या पायावर पाय दिला, यातलं एक अक्षर नाही. मला दुखवायचं नव्हतं त्याला. आमचं सगळं शिकला होता तोवर पोरगा.

डिसेंबरात मी त्याला स्टेशनवर सोडलं. बॅगेत कपड्यांच्या घडीत त्याने हा डबा ठेवला, माझ्यासमोर. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाला, "काका, तुम्ही जाल ना?" मी म्हटलं, "जाईन की."

लास्त्री परत हाँगकाँगला गेली. घराला कुलूप. दर गुरुवारी शेवटच्या घराआधी मी जोडीदाराला म्हणतो, "तू बागेपर्यंतच चल, पलीकडे काही नाही." तीन वर्षं. तुम्हालाही तेच सांगितलं. कधी विचारलं नाहीत का ते. फार सभ्य आहात.

आज संध्याकाळी ही फाटकावरच्या आमच्या निळ्या कपात तांदूळ टाकायला गेली. हाक मारून म्हणाली, "अहो, हा दुसरा डबा कुणी अडकवला?"

हा. काठाला पोचा असलेला. आत मूठभर तांदूळ. आणि मूठ आपली नाही रे. मी माझी मूठ भरून शेजारी धरून बघितली. ती मोठी आहे. फावड्याएवढ्या पंजाची.

मी त्याला फोन केला. तिकडे सकाळ होती. खूश झाला पोरगा, हिची चौकशी केली, सुपार्मी वहिनींच्या माशांची केली. मी विचारलं, "डबा कुठे आहे रे?" म्हणाला, "समोरच्या फळीवर." म्हटलं, "उठून बघ." उठला. मग... फळी चाचपल्याचा आवाज आला. त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग म्हणाला, "काका, आज गुरुवार आहे ना तिकडे?"

मग मी हाँगकाँगला फोन लावला. लास्त्रीला. जे तीन वर्षांपूर्वी या चौकीवर उभं राहून सांगायचं होतं, ते सगळं सांगितलं. माझं. एकूण एक. तिने ऐकून घेतलं. एकच विचारलं, "काका, तुम्ही आईला सांगितलंत?"

किती वाजले? बारा दहा. बरं.

आज शेवटच्या घरी मी एकटा जाणार. नाही, बयू, बरोबर येऊ नकोस. तुला बोलावलेलं नाही. तुम्ही इथेच बसा. पत्ते खेळा वाटलं तर.

थांबा... डब्याला कुणी हात लावला? गालिह? नाही? तू? दोघंही माझ्यासमोरच बसला होतात. मी सुद्धा इथेच. मघाशी किती होते आत? मूठभर. दोघांनीही बघितले होते.

आता बघा.

...

उलटा करून बघ. एक दाणा तरी आहे का, बघ.

नाही ना. मग डबा रिकामा दिसला तर काय करायचं, सांगा. मोठ्याने सांगा रे, मला ऐकायचं आहे...

...आलो, आजी.